सभेतील वाणी : तिचे अलंकार आणि तिचे शील

(वार्षिक संमेलनात वक्तृत्व स्पर्धेच्या आरंभी केलेले भाषण)



आजच्या स्पर्धेच्या आरंभी ‘भाषण प्रभावी कसे करावे’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची सूचना झाली आणि ती आम्ही आनंदाने स्वीकारली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अलंकारशास्त्रावर अधिकारवाणीने बोलावे, अशी आमची योग्यता नाही. तथापि शाळेत मराठीचे व्याकरण शिकविण्यात आयुष्याची बहुतेक वर्षे गेली, आणि त्या व्याकरणात अलंकारांचे प्रकरण येतेच. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द अशी उपमेची चार अंगे मुलांकडून आम्ही पाठ करून घेत असू. मुले ती पाठ करीत, परीक्षेत गुण मिळवीत आणि विसरून जात. हेच अलंकार सभेत उभे राहून वापरले असता काय घडते, हे मात्र त्या पुस्तकात नव्हते. ते आम्ही सभेतच शिकलो. त्या शिक्षणाची जी किंमत पडली ती आमच्या खिशातून गेली नाही, दुसऱ्यांच्या गेली. ती हकीकत पुढे सांगूच. आधी विषयाचा विचार करू.

ग्रंथ वाचणाऱ्या मनुष्यास एखादे वाक्य उमगले नाही, तर तो मागे जातो, पुन्हा वाचतो, पान दुमडून ठेवतो. श्रोत्यास ही सोय नाही. बोललेला शब्द कानावरून एकदाच जातो. नेमक्या त्याच वेळी मागच्या रांगेत मूल रडते, दारातून कोणी उशिरा येऊन जागा शोधू लागतो, आणि वाक्य हातचे निसटते. वाचकाची ही पान उलटण्याची सोय वक्त्याने आपल्या वाणीने श्रोत्यास करून द्यावयाची असते. सभेतील अलंकारांचे मूळ प्रयोजन हेच आहे. पुनरुक्ती म्हणजे मागे उलटलेले पान. प्रश्न म्हणजे झोपू लागलेल्याच्या खांद्यावर ठेवलेला हात. दृष्टांत म्हणजे अंधाऱ्या माजघरात नेलेला दिवा. काव्यात अलंकार शोभेसाठी असतील, सभेत ते कामासाठी असतात, आणि ज्याचे काम नाही तो अलंकार तेथे अंगावरचे ओझे होतो.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीस देशातील ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. मन वळविण्याची तीन साधने त्याने सांगितली : बोलणाऱ्याचे शील, ऐकणाऱ्याच्या भावना आणि विषयातील युक्तिवाद. हे तीन पाय ध्यानात ठेवा. तिपाईचा एक पाय आखूड असेल तर वर ठेवलेली समई कितीही सुंदर असो, ती कलंडणारच.

आता एक साधे वाक्य घेऊ. यंदाच्या स्पर्धेतील एक विषय ‘विवाहातील खर्च’ हा आहे. त्यावर कोणी उभा राहून म्हणेल, “विवाहात ऐपतीबाहेर खर्च करू नये.” हे वाक्य खरे आहे. सर्व श्रोते मान डोलावतील आणि घरी जाऊन पूर्वीप्रमाणेच खर्च करतील. सत्य सांगितले गेले, पण ते कोणाच्या घरात शिरले नाही. ते घरात कसे शिरवावे, एवढाच आपला प्रश्न आहे.

पहिली गोष्ट संबोधनाची. पुष्कळ विद्यार्थी संबोधन हा एक उपचार समजून घाईघाईने उरकून टाकतात. ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद उभे राहिले. समोरचा समाज परका, धर्म परका, भाषा परकी. त्यांनी अमेरिकेतील त्या श्रोत्यांस भगिनी आणि बंधू म्हणून हाक मारली, आणि भाषण सुरू होण्यापूर्वीच टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्व धर्म परस्परांचे आप्त आहेत हा जो सिद्धान्त त्यांस पुढे मांडावयाचा होता, तोच त्या संबोधनात बीजरूपाने आलेला होता. वक्ता श्रोत्यांच्या समोर उभा आहे की त्यांच्या शेजारी, हे संबोधनावरून ठरते. विवाहखर्चावर बोलताना “तुम्ही उधळपट्टी करता” असे म्हणणारा समोर उभा राहतो. “आपल्या घरी थोरलीच्या लग्नात जे झाले ते धाकटीच्या लग्नात होऊ नये” असे म्हणणारा शेजारी येऊन बसतो. लोक शेजाऱ्याचे ऐकतात.

दुसरी गोष्ट पुनरुक्तीची. निबंधात पुनरुक्ती आढळली की आम्ही तांबड्या शाईने खूण करीत असू. भाषणात मात्र ती गुण ठरू शकते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवरून मार्टिन ल्यूथर किंग यांनी सुमारे अडीच लाख लोकांपुढे भाषण केले. आपले एक स्वप्न आहे, या अर्थाचे एकच छोटे वाक्य त्यांनी पुनःपुन्हा उच्चारले. हा भाग त्यांच्या लिखित मसुद्यात नव्हता. तो तेथेच, बोलता बोलता, आला. परंतु ज्यांना पुनरुक्ती शिकावयाची आहे त्यांनी एक गोष्ट बारकाईने पाहावी. वाक्याचा आरंभ तोच राहतो, पण प्रत्येक वेळी त्याच्यापुढे नवे चित्र येते. एकदा जॉर्जियाच्या लाल टेकड्यांवर गुलामांचे आणि मालकांचे वंशज एका मेजावर बसलेले दिसतात, तर एकदा वक्त्याची स्वतःची चार मुले दिसतात. खुंटी एकच, पण तिच्यावर दर खेपेस नवे वस्त्र टांगलेले. नुसती खुंटीच ठोकीत बसलो तर भिंतीस भोक पडते, एवढेच.

आपल्या विषयात हे असे करता येईल : “मांडव उतरतो, पण कर्ज उतरत नाही. पाहुणे परततात, पण कर्ज परतत नाही. नवरी माहेरपणास येऊन सासरी जाते, पण कर्ज घरातच मुक्काम करते.” येथे कर्ज हा शब्द तीनदा आला. तीन ही संख्याही सहज आलेली नाही. एकदा सांगितलेले कानावरून जाते, दुसऱ्यांदा ओळख पटते, तिसऱ्यांदा मनात बसते, आणि चौथ्यांदा श्रोता घड्याळाकडे पाहू लागतो. पुनरुक्ती लांबवावयाची असेल तर किंग यांच्याप्रमाणे प्रत्येक वेळी दाखविण्यास काही नवे हवे.

तिसरी गोष्ट विरोधाची व संक्षेपाची. दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच वाक्याच्या दोन पारड्यांत ठेवल्या की श्रोता आपोआप तोलू लागतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जे भाषण केले, ते या दृष्टीने प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. २६ जानेवारी १९५० रोजी आपण एका विसंगत जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता येईल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील, हा त्यातील आशय. एका पारड्यात मताची समता, दुसऱ्यात जीवनाची विषमता. आणि लगेच त्यांचा प्रश्न येतो की असे आपण किती काळ चालवणार? तो प्रश्न ते टाळ्यांसाठी सोडून देत नाहीत. फार काळ चालविल्यास राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा ते स्वतःच देतात. विरोध, प्रश्न आणि इशारा या तीन पायऱ्यांपैकी एकही शोभेची नाही. राज्यघटना पुरी झाल्याच्या आनंदात असलेल्या सभेस जागे करण्याचे काम त्या करतात.

संक्षेपाचे उदाहरण लिंकन यांचे. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे रणात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा समर्पण-समारंभ होता. त्या दिवशीचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट हे नामांकित विद्वान सुमारे दोन तास बोलले. नंतर लिंकन उठले आणि सुमारे दोन मिनिटांत खाली बसले. जे आपण दोन तासांत साधू शकलो नाही ते तुम्ही दोन मिनिटांत साधले, अशा अर्थाचे पत्र एव्हरेट यांनी दुसऱ्याच दिवशी लिंकन यांस लिहिले. लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी ही जी त्रयी आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतून आपण पाठ केली, ती त्या भाषणाच्या अगदी शेवटी येते. शब्द एकच, फक्त विभक्ती बदलते, आणि राज्यपद्धतीची सारी व्याख्या त्यात सामावते. व्याकरण निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्या मुलांस आम्ही हे उदाहरण मुद्दाम देत असू.

चौथी गोष्ट प्रश्नाची. या बाबतीत आपणांस परदेशी जाण्याचे कारण नाही. संत गाडगे महाराज यांचे कीर्तन ज्यांनी ऐकले ते सांगत की महाराज कीर्तनात उपदेश थोडा करीत आणि प्रश्न फार विचारीत. समोरच्या शेतकऱ्यास, मजुरास त्याच्याच बोलीत ते विचारीत, तो उत्तर देई, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि शेवटी कर्ज काढून सण करणे, देवाच्या नावाने पशू मारणे, दारू पिणे या गोष्टी मूर्खपणाच्या आहेत, हे त्या श्रोत्याच्याच तोंडून वदविले जाई. दुसऱ्याने सांगितलेले मनुष्य नाकारू शकतो, स्वतः उच्चारलेले नाकारणे त्यास जड जाते. १९५६ साली महाराजांचे देहावसान झाले. शाळेची पायरी न चढलेल्या त्या पुरुषाने वक्तृत्वाचे जे मर्म ओळखले होते, ते पुष्कळ पदवीधरांस ओळखता आलेले नाही.

मात्र प्रश्नाचे दोन प्रकार असतात, हे ध्यानात घ्या. एक प्रश्न श्रोत्यास विचार करावयास लावतो. दुसरा त्याचा विचार बंद पाडतो. पहिला विचारणारा उत्तरासाठी थांबतो. दुसरा विचारणारा टाळ्यांसाठी थांबतो. महाभारतात द्यूतसभेत द्रौपदीने जो प्रश्न केला, की स्वतःस आधी हरलेल्या पुरुषास दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, तो पहिल्या प्रकारचा होता. त्यास सभेत उत्तर मिळाले नाही. भीष्मांसारख्यांनीही धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून तो टाळला. हजारो वर्षे लोटली, पण त्या सभेचे नाव घेताच आपणांस तो अनुत्तरित प्रश्नच आठवतो.

पाचवी गोष्ट दृष्टांताची. दृष्टांत श्रोत्याच्या अंगणातला असावा. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० साली गीतेचे गहन तत्त्वज्ञान मराठीत आणले ते दृष्टांतांच्या खांद्यावर बसवून. दिवा, बीज, गाय-वासरू, आई आणि तिचे तान्हे अशा रोजच्या वस्तूंतून त्यांनी ब्रह्मविद्या सांगितली. आमचे काही विद्यार्थी ग्रामीण श्रोत्यांपुढे हिमनगाचे टोक आणि समुद्रातील दीपस्तंभ आणतात. ज्याने समुद्र पाहिला नाही त्यास दीपस्तंभाचा आधार वाटणार कसा? त्यापेक्षा विहिरीवरच्या मोटेचा किंवा उन्हाळ्यात आटत चाललेल्या पाण्याचा दाखला द्यावा. दृष्टांत अनोळखी असला म्हणजे तो समजावून सांगण्यातच वेळ जातो, आणि मूळ मुद्दा उपाशी राहतो.

सहावी गोष्ट क्रमाची. लहानाकडून मोठ्याकडे चढत जाणे यास व्याकरणात सार अलंकार म्हणतात. “या खर्चाने आपली बचत गेली, मग शेत गेले, मग मुलाचे शिक्षण गेले” हा चढता क्रम होय. तोच उलटा केला तर श्रोते हसतील. चढत्या क्रमाच्या शेवटी क्षणभर थांबावे. हा विराम म्हणजे वक्त्याच्या हातातील फार मोठे साधन आहे. शेवटचा शब्द उच्चारून झाल्यावर तो श्रोत्याच्या मनात खाली उतरावयास दोन श्वासांचा वेळ लागतो. नवखे वक्ते भीतीने तेवढाही वेळ देत नाहीत.

सातवी आणि शेवटची गोष्ट वक्रोक्तीची. वरून स्तुती आणि आतून निंदा असे हे शस्त्र. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ साली सुरू केलेल्या ‘काळ’ पत्रातून ते परकीय सत्तेवर चालविले आणि १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास भोगला. सत्य उघड बोलण्याची बंदी असते तेव्हा वक्रोक्ती सत्याच्या कामी येते. पण तिचे दुसरे रूपही पाहा. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकात सीझरच्या प्रेताशेजारी उभा राहून अँटनी बोलतो. ब्रूटस आणि त्याचे सहकारी सन्माननीय आहेत, असे तो वारंवार म्हणतो, आणि दर खेपेस त्या शब्दातील सन्मान थोडा थोडा गळून पडतो. भाषण संपते तेव्हा तोच शब्द शिवीसारखा ऐकू येतो. वक्तृत्वाचा नमुना म्हणून हे भाषण वाखाणले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या पुढचा प्रवेश फार थोडे लोक सांगतात. चेतलेला जमाव रस्त्यावर येतो, आणि कटातील एकाचे नाव सिन्ना होते एवढ्यावरून सिन्ना याच नावाच्या एका निरपराध कवीस ठार करतो. वाटेत सापडलेल्या त्या मनुष्याचे काय झाले, हे अँटनीने पाहिले नाही.

ज्ञातिबंधुभगिनींनो, ही सात साधने सांगून आम्ही खाली बसलो असतो तर आमचे काम झाले असे आपण म्हटले असते. पण स्पर्धेस उभ्या राहिलेल्या मुलांच्या हाती शस्त्र द्यावे आणि त्याची धार आपणांस कोठे लागली होती ते सांगू नये, हे शिक्षकास शोभणार नाही.

१९९४ सालची गोष्ट. आपल्या संस्थेपुढे त्या वर्षी दोन ठराव होते. जमलेल्या निधीतून मंगल कार्यालय बांधावे, हा एक. जिल्ह्याच्या गावी शिकावयास येणाऱ्या ज्ञातीतील मुलींसाठी वसतिगृह काढावे, हा दुसरा. मुलांचे वसतिगृह पूर्वीपासून होतेच. निधी एकाच कामास पुरेल एवढा होता. कार्यालयाच्या बाजूने बोलण्यास आम्ही उभे राहिलो. त्या दिवशी आमची वाणी चांगली लागली होती, हे आजही कबूल केले पाहिजे.

आम्ही प्रथम प्रश्न केला : “वसतिगृहात राहणार किती? दहा? वीस? आणि कार्यालयात बसणार कोण? सारी ज्ञाती!” टाळ्या पडल्या. मग आम्ही सार अलंकार वापरला : “आज वसतिगृह, उद्या शहराचे वारे, आणि परवा...” परवा म्हणून आम्ही थांबलो. वाक्य पुरे केले नाही. ते पुरे करण्याची गरजच नव्हती. प्रत्येक बापाने आपापल्या मनातील भीतीने ते पुरे केले. आम्ही काही वावगे बोललो नाही, असे कोणासही सिद्ध करता आले असते, कारण आम्ही काही बोललोच नव्हतो. विरामाचा याहून वाईट उपयोग आम्ही जन्मात केला नाही.

त्यानंतर मागच्या बाजूने एक वयस्कर ज्ञातिभगिनी उठल्या. त्यांस भाषणाची सवय नव्हती. पदर सावरीत त्या एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या पोरी कॉलेजात आल्या तर रात्री राहतील कुठं?” हा खरा प्रश्न होता. त्यात अनुप्रास नव्हता, यमक नव्हते. त्यास एक तर उत्तर द्यावयास हवे होते, किंवा उत्तर नाही असे कबूल करावयास हवे होते. आम्ही विचारले, “ताई, पोरींना घर नाही का?” सभा हसली. त्या खाली बसल्या. मंगल कार्यालयाचा ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला, आणि संध्याकाळी पुष्कळांनी हात धरून आमचे अभिनंदन केले.

पुढच्याच वर्षी आमच्या शाळेतील एक मुलगी दहावीस शाळेत पहिली आली. तिचे वडील पेढे घेऊन आमच्या घरी आले. पोरीस शास्त्र शाखेस जावयाचे आहे, ती सोय जिल्ह्याच्या गावीच आहे, एस.टी.ने रोज जाऊन येणे जमणार नाही, राहण्याची काही सोय होईल काय, असे त्यांनी विचारले. म्हणजे त्या ताईंचाच प्रश्न, वर्षाने, आमच्या ओटीवर येऊन उभा राहिला. तेथे हसणारी सभा नव्हती. आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या मुलीचे शिक्षण तेथेच थांबले.

१९९९ साली तिचे लग्न झाले ते आपल्याच नव्या मंगल कार्यालयात. आम्हांस पहिल्या रांगेत बसविले होते. तिचे वडील पाहुण्यांस आमची ओळख करून देताना मनापासून म्हणाले, “गुरुजींच्या भाषणामुळे हे कार्यालय उभं राहिलं.” व्याजस्तुती आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे शिकविली होती. निर्व्याज स्तुती किती खोल रुतते, हे त्या दिवशी कळले. ती मुलगी बोहल्यावर होती. चौथ्या इयत्तेपासून तिचे अक्षर आमच्या ओळखीचे होते.

मंगल कार्यालय वाईट झाले, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. गरिबांची लग्ने तेथे थोड्या भाड्यात लागतात. ज्ञातीस त्याचा उपयोग झाला आहे. सभेने दोन्ही बाजू तोलून तोच निर्णय घेतला असता तर आम्हांस आज खंत नसती. खंत याची की सभेने तोलू नये, अशी व्यवस्था आम्ही आमच्या अलंकारांनी केली.

तेव्हापासून भाषण तयार करताना आम्ही स्वतःस तीन कसोट्या लावतो. स्पर्धेतील मुलांनी त्या उतरवून घ्याव्यात.

पहिली कसोटी : अलंकार काढून घेतल्यावर खाली वाक्य उरते काय? ‘कर्ज उतरत नाही’ यातील सजावट काढली तरी कर्ज राहतेच. ‘आज, उद्या, परवा’ यातील सजावट काढली तर खाली काहीच उरत नाही, केवळ भीती उरते. जे वाक्य साध्या शब्दांत सांगण्याची आपणांस लाज वाटेल, ते अलंकारात गुंडाळून सांगू नये.

दुसरी कसोटी : आपल्या बोलण्याचा परिणाम ज्याच्यावर होणार, तो समोर बसला असता तर हेच वाक्य आपण त्याच्याकडे पाहून उच्चारले असते काय? १९९४ च्या त्या सभेत पहिल्या रांगेत एखादी दहावीतील मुलगी बसली असती, तर ‘परवा’ हा शब्द आमच्या तोंडून निघाला नसता.

तिसरी कसोटी : विरोधकाच्या सर्वांत बळकट प्रश्नास आपण उत्तर दिले, की त्यावर हशा मिळविला? हशा मिळाला म्हणजे उत्तर दिले, असा भ्रम वक्त्यास फार लवकर होतो. हशा विरला तरी प्रश्न तेथेच असतो.

या तीन कसोट्यांतून पार पडलेले अलंकार मात्र निःसंकोच वापरावेत. सत्य साधे असते म्हणून ते निर्जीव स्वरात सांगावे, असा काही शास्त्रार्थ नाही. पुष्कळ सज्जन माणसे चांगला ठराव घेऊन उभी राहतात, खालच्या आवाजात कागद वाचतात आणि खाली बसतात, आणि मग वाचाळांचा विजय होतो. त्या ताईंच्या शेजारी त्या दिवशी जर कोणी बोलणारा उभा राहिला असता, त्याने त्यांचाच प्रश्न तीनदा, तीन घरांची नावे घेऊन विचारला असता, तर आमच्या टाळ्या कदाचित विरून गेल्या असत्या. चांगल्या कामास चांगली वाणी मिळवून द्यावी, एवढ्यासाठीच ही स्पर्धा आहे, असे आम्ही समजतो.

आता शेवटचे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार आहे. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरील खोल्या वर्षातील बराच काळ रिकाम्या असतात. त्या दुरुस्त करून, स्वतंत्र जिना काढून आणि एक अधीक्षिका नेमून, तेथे ज्ञातीतील बारा विद्यार्थिनींच्या निवासाची सोय करावी, आणि कार्यालयाच्या वार्षिक शिलकेतून त्याचा खर्च भागवावा, असा तो ठराव आहे. तो आम्ही मांडणार आहोत. आक्षेप येतील आणि ते यावेत. खाली लग्नाची वाजंत्री वाजत असता वर अभ्यास कसा व्हावयाचा, हा आक्षेप खरा आहे. परीक्षेच्या महिन्यांत रात्री दहानंतर वाद्ये बंद, हे आमचे उत्तर आहे. ते अपुरे वाटल्यास अधिक चांगले उत्तर आपण सुचवावे. शिल्लक पुरेल काय, हाही प्रश्न खरा आहे. त्यासाठी हिशेबाचा तक्ता सभेपुढे ठेवला जाईल. ज्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नसेल, तेथे उत्तर नाही असे आम्ही सांगू.

त्या सभेत आम्ही पुनरुक्तीही वापरू आणि दृष्टांतही देऊ, हे आधीच सांगून ठेवतो. पण आरंभ त्या ताईंच्या प्रश्नाने करू. त्या आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नास उत्तर देण्याचे काम ज्याने त्यांस खाली बसविले त्याच्याकडे आलेले आहे, आणि ते एकट्याने होण्यासारखे नाही. म्हणून विद्यार्थ्यांनो, आज जे बक्षीस मिळवतील त्यांनी आणि जे मिळवणार नाहीत त्यांनीही त्या सभेस यावे, आपल्या आईवडिलांस बरोबर आणावे, आणि बोलावे. ठराव पटत असेल तर त्याच्या बाजूने बोला. पटत नसेल तर विरुद्ध बोला, आम्ही ऐकून घेऊ. मात्र कोणी साध्या शब्दांत प्रश्न विचारला, तर त्यास हसू नका.